रूट कॅनालनंतर गाल सुजला तेव्हा गाठलेला कोथरूडचा दवाखाना

वरच्या डाव्या बाजूच्या पहिल्या दाढेचे रूट कॅनाल मी घराजवळच्या एका दवाखान्यात करून घेतले होते. पहिले दोन दिवस चावताना दुखले, ते अपेक्षितच होते. तिसऱ्या रात्री मात्र ठणका उशीवर डोके टेकू देईना आणि सकाळी गाल डोळ्याखालपर्यंत सुजलेला दिसला. त्या दवाखान्यात फोन केला असता तपासायला न बोलावता केवळ अँटिबायोटिकचे नाव कळवण्यात आले. मग ओळखीतून कोथरूडमधील एका रूट कॅनाल तज्ज्ञ बाईंचा दवाखाना कळला, त्याविषयी हे लिहीत आहे.

ताप आहे का, तोंड पुरते उघडते का, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होतो का, हे त्यांनी फोनवरच विचारले. यांपैकी काही असते तर आपल्याकडे न येता थेट मोठ्या रुग्णालयात जावे, असेही बजावले. तसे काही नसल्याने त्याच दुपारी बोलावले. वरच्या पहिल्या दाढेच्या गालाकडील पुढच्या मुळात अनेकदा दुसरी एक बारीक नलिका दडलेली असते आणि ती स्वच्छ करायची राहिली की आतले जंतू मुळाच्या टोकाशी पू धरतात, हे त्यांनी एक्स-रे दाखवून समजावले. रबर डॅम, म्हणजे दाढ लाळेपासून वेगळी ठेवणारा रबराचा पातळ पडदा, लावून दाढ पुन्हा उघडली, सूक्ष्मदर्शकातून ती नलिका शोधली, आणि पू वाहून जाताच ठणका खुर्चीवरच निम्मा झाला. नंतर नलिका सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाने धुऊन, आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुरोधक औषध भरून तात्पुरते फिलिंग केले.

गोळ्यांबाबतची त्यांची भूमिका मला विशेष पटली. नस मेलेल्या दाढेच्या आत रक्तपुरवठाच उरत नसल्यामुळे अँटिबायोटिक तिथवर पोहोचत नाही. पू निघून गेला असेल आणि ताप नसेल, तर बहुधा त्याची गरज लागत नाही, असे त्यांनी सांगितले. आम्लपित्त, मूत्रपिंडाचे विकार, इतर औषधे यांची चौकशी करूनच वेदनाशामक लिहून दिले. आईने मिठाची गरम पुरचुंडी शेकायला तयार ठेवली होती. बाहेरून शेक अजिबात नको, आतून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात, असे त्यांनी तिलाही फोनवर समजावून सांगितले. दुसऱ्या सकाळी प्रकृती विचारायला त्यांनी स्वतःहून फोन केला, याचे मला फार अप्रूप वाटले. सूज चौथ्या दिवशी पूर्ण उतरली.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे वयस्कर रुग्णांचे हाल होतात. शुल्कही अधिक आहे आणि दाढेवर नंतर बसवायच्या कॅपचा खर्च वेगळा पडतो, हे मला विचारल्यावरच कळले. ते आधी लिहून द्यायला हवे होते. मुळाशी हाड भरून आले का हे पाहण्यासाठी सहा महिन्यांनी एक्स-रे काढायचा आहे, तो मी तिथेच काढणार आहे.