सोसायटीचे ४ मेगापिक्सेल कॅमेरे: अकरा महिन्यांचा अनुभव

डोंबिवली पूर्वेला आमची ३२ बिऱ्हाडांची सोसायटी. खाली स्टिल्ट पार्किंग, एकच गेट, मागे नाल्याकडची भिंत. अकरा महिन्यांपूर्वी आठ आयपी, म्हणजे नेटवर्क केबलवर चालणारे सीसीटीव्ही कॅमेरे बसवले. सगळे ४ मेगापिक्सेलचे, सगळ्यांची लेन्स २.८ मिलिमीटर, सोबत आठ चॅनेलचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) आणि २ टीबीची हार्ड डिस्क. मी कमिटीत नवा होतो, त्यामुळे कोटेशनं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माल वाईट निघालेला नाही. चुकलं ते निवडताना, आणि त्यातली निम्मी चूक माझी.

आधीची सिस्टिम ॲनालॉग होती. थ्री प्लस वन केबल, गंजलेले बीएनसी कनेक्टर, आणि डीव्हीआर या जुन्या रेकॉर्डिंग यंत्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १०८०. त्या १०८० च्या पुढे बारीक ‘एन’ होता, तो इतक्या वर्षांत कोणी वाचलाच नव्हता. १०८० एन म्हणजे ९६० × १०८०. उभ्या दिशेने पिक्सेल पूर्ण, आडव्या दिशेने निम्मे. फुल एचडी म्हणून आम्ही जे बघत होतो ते अर्धंच होतं. त्यामुळे नवे कॅमेरे लागले त्या दिवशी सगळे खूश. लाइव्ह चित्रात पार्किंगमधल्या मांजरीच्या मिशा दिसत होत्या. चेअरमन काकांनी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, खाली अंगठ्यांची रांग लागली.

ती मांजर कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर बसली होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

गणपतीच्या आधल्या आठवड्यात रात्री सव्वानऊला एक टेम्पो मंडपाचं सामान उतरवून रिव्हर्स घेताना गेटजवळच्या गाडीचा बंपर फोडून निघून गेला. सोसायटीच्या ऑफिसात आम्ही चौघं मॉनिटरसमोर बसलो: चेअरमन काका, खजिनदार काकू, गाडीवाले दादा आणि माउस धरलेला मी. टेम्पो सापडला. रंग दिसला, ताडपत्री दिसली, ड्रायव्हर खाली उतरून बंपरकडे बघतो आणि पुन्हा चढतो तेही दिसलं. ‘थांबव तिथे. आता झूम कर,’ काका म्हणाले. केलं. ‘अजून कर.’ अजून केलं. नंबर प्लेटच्या जागी खोबऱ्याची वडी आणि तिच्यावर पाच-सहा करडे डाग. ड्रायव्हरचा चेहरा म्हणजे कळ्या पाडायच्या आधीची मोदकाची पारी, नाक नाही, डोळे नाहीत. एम एच ०५ असणार हे आम्हीच ठरवलं, कॅमेऱ्याने काही सांगितलं नाही. दादांनी पेन ड्राइव्ह चौकीत नेला. हवालदारांनी शांतपणे पूर्ण क्लिप बघितली आणि म्हणाले, ‘साहेब, टेम्पो दिसतोय. नंबर कुठाय?’

घरी आल्यावर काकूंनी एकच प्रश्न विचारला. ‘अरे, चार मेगापिक्सेल म्हणजे भरपूर ना रे?’ त्याचं उत्तर शोधायला मला दोन रविवार लागले.

आमच्या कॅमेऱ्याचं चित्र २५६० × १४४० आहे. गुणाकार साधारण ३६ लाख ८६ हजार, त्यालाच बाजारात ४ मेगापिक्सेल म्हणतात. पण हा आकडा अख्ख्या चित्राचा. २.८ ची लेन्स साधारण १०० अंशांचा पसारा एका चित्रात घेते. आमचा कॅमेरा इमारतीच्या कोपऱ्यावर, गेटपासून १२ मीटरवर. मी टेप घेऊन मोजलं, तर गेटच्या रेषेत चित्रात जवळजवळ २८ मीटर रुंदी मावत होती: आमचं गेट, शेजारच्यांची भिंत, समोरचा वडापाववाला आणि त्याच्यापुढचा ट्रान्सफॉर्मर. २५६० भागिले २८ म्हणजे एका मीटरच्या वाट्याला ९१ पिक्सेल. गाडीची नंबर प्लेट अर्धा मीटर लांब, म्हणजे ४५ पिक्सेल. त्यात दहा अक्षरं आणि मधल्या फटी. एका अक्षराला चार पिक्सेल आले तर आले. स्कूटरची मागची प्लेट २० सेंटिमीटरची, ती १८ पिक्सेलमध्ये आटोपली. चार पिक्सेल रुंदीत ८, बी आणि ३ वेगळे कसे दिसणार? तुम्हीच वहीच्या चौकटीत चार घरं भरून काढून बघा.

या हिशेबाला तयार मापं आहेत. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या २०१४ च्या ६२६७६-४ या मानकात मीटरमागे पिक्सेल दिलेत. कोणीतरी आहे एवढं कळायला २५, काय करतोय ते दिसायला साधारण ६२, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणूस खात्रीने पटवायला २५०. आमचे ९१ मधेच लटकलेले. टेम्पोवाला काय करतोय ते दिसलं, कोण ते दिसलं नाही. मानकात लिहिलंय तसंच झालं म्हणायचं! कोटेशन देणाऱ्या तिघांपैकी एकानेही ‘मीटरमागे पिक्सेल’ हा शब्द काढला नव्हता. मीही विचारलं नव्हतं, विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

तरी कागदावर विश्वास नको म्हणून एका रात्री अकरा वाजता प्रयोग केला. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा प्लेटच्या मापात कापला, काळ्या मार्करने माझ्याच गाडीचा नंबर लिहिला आणि वॉचमन मामांना दिला. मामा तीन मीटरवर उभे राहिले, मग सहा, नऊ, बारा. प्रत्येक ठिकाणी मी मोबाइलवरून फोटो न काढता एनव्हीआरमधूनच स्नॅपशॉट घेतला. तीन मीटरवर पुठ्ठ्याच्या कडेचं मोडलेलं पन्हळसुद्धा दिसत होतं. सहावर नंबर वाचता आला. नऊवर मला वाचता आला, पण मला तो पाठ होता. काकूंना दाखवला तर त्यांनी दोन आकडे चुकीचे सांगितले. बारावर पुन्हा वडी. ‘साहेब, अजून किती वेळ धरू? लोक बघतायत,’ मामा म्हणाले, तेव्हा प्रयोग संपला.

मग कमिटीच्या मीटिंगमध्ये जे व्हायचं तेच झालं. ‘सगळे फोर-के करून टाका.’ फोर-के म्हणजे ३८४० × २१६०. फुल एचडीच्या चौपट पिक्सेल हे खरं, पण ते लांबी-रुंदी दोन्हीकडे वाटले जातात. आमच्या २८ मीटरला भागलं की १३७ येतात. ९१ चे १३७ होण्यासाठी कॅमेऱ्यामागे दुप्पट पैसे, शिवाय डिस्क मोठी आणि एनव्हीआरची क्षमता वेगळी. आणि एवढं करून २५० च्या जवळपासही नाही.

त्याऐवजी गेटसाठी एकच कॅमेरा बदलला. तोही २ मेगापिक्सेलचा (१९२० × १०८०), म्हणजे आधीपेक्षा कमी! फक्त लेन्स २.८ ते १२ ची व्हेरिफोकल, म्हणजे पसारा कमी-जास्त करता येणारी. १२ वर नेऊन ठेवली तर गेटच्या रेषेत साडेपाच मीटरच रुंदी मावते, तेवढं आमचं गेट आणि बाजूचे खांब. १९२० भागिले साडेपाच, ३४९. गाडीची प्लेट १७० पिक्सेलवर गेली, स्कूटरची ७० वर. वडापाववाला चित्रातून गेला याचं चेअरमन काकांना अजून वाईट वाटतं. 

दिवसा काम झालं. रात्री पुन्हा रडगाणं, आणि हे मला सगळ्यात उशिरा कळलं. अंधारात कॅमेरा आपोआप शटर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड घ्यायचा वेळ, १/२५ सेकंदावर नेतो. ताशी १५ किलोमीटरने आडवी जाणारी स्कूटर तेवढ्या वेळात १६-१७ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे जवळजवळ तिच्या प्लेटएवढी. लांबची लेन्स लावल्यावर तो फराटा चित्रात आणखी लांब दिसतो, कारण आता मीटरमागे पिक्सेलच जास्त. वरून नव्या हाय सिक्युरिटी प्लेटा प्रकाश परत फेकणाऱ्या. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या आयआर (इन्फ्रारेड) दिव्याचा उजेड प्लेटवरून सरळ लेन्समध्ये येतो आणि आकडे पांढऱ्यात बुडतात. आम्ही शटर हाताने १/२५० वर आणलं, आयआर बंद केला आणि बाजूच्या खांबावर ३० वॅटचा एलईडी फ्लडलाइट तिरका लावला. दिव्याला मिळून दोन हजारांच्या आत खर्च आला. त्या दोन हजारांनी जे केलं ते आणखी चार मेगापिक्सेलने केलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या बेडरूममध्ये उजेड जातो अशी तक्रार आली, म्हणून दिव्यावर पत्र्याचं झाकण बसवलं.

दुसरा फटका हार्ड डिस्कचा. बसवणाऱ्या पोराने प्रत्येक कॅमेऱ्याचा बिटरेट ४ एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट डेटावर, ठेवला होता. हिशेब सोपा आहे: एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३ जीबी, आठांचे साडेतीनशेच्या आसपास, २ टीबी सहाव्या दिवशी भरते आणि जुनं पुसलं जाऊ लागतं. दिवाळीला गावी गेलेलं एक कुटुंब आठव्या दिवशी परत आलं, त्यांच्या मुलाची सायकल गायब. रेकॉर्डिंगही गायब. पोराला बोलावलं, तर त्याने दोन मिनिटांत ‘करून दिलं, काका, आता तीन आठवडे राहील’. खरंच राहायला लागलं. पंधरवड्याने मी एक क्लिप उघडली तर चालणाऱ्या माणसाभोवती चौकोन नाचत होते आणि आंब्याचं झाड हिरव्या रव्यासारखं दिसत होतं. त्याने बिटरेट १ वर आणला होता. स्क्रीनवर रिझोल्यूशन तेच, २५६० × १४४०, पण त्या चौकटीत भरायला माल उरला नव्हता. माणूस स्थिर असेल तर चित्र ठीक, हलला की पाणी. आणि चोर काही आपल्यासाठी स्थिर उभा राहत नाही.

आता एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) चालू आहे, सेकंदाला फ्रेम २५ च्या १५ केल्या, बिटरेट २, आणि डिस्क ४ टीबीची घेतली. २३ दिवसांचं रेकॉर्डिंग मिळतं. पार्किंग आणि जिन्याला १५ फ्रेम पुरतात, कुठेही अडलं नाही. सायकल मिळाली नाही.

फोनवर धुरकट दिसतं ही तक्रार मात्र खोटी आहे, तिच्यात दोन ओळींपेक्षा जास्त दम नाही. ॲप डेटा वाचवायला सब स्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं हलकं चित्र, दाखवतं, आमच्याकडे ती ६४० × ३६० ची आहे. एचडी वर बोट ठेवा, साफ होतं. पुरावा म्हणून क्लिप काढायची तर एनव्हीआरवरूनच काढा, फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग ग्रुपवर फिरवून काही हाती लागत नाही. व्हॉट्सॲप ते आणखी दाबून टाकतं.

जिथे २.८ ची लेन्स शोभते ती जागा म्हणजे लिफ्टची लॉबी. तिथे माणूस तीन मीटरवर असतो, चित्राची रुंदी सात मीटर, मीटरमागे साडेतीनशेच्या वर पिक्सेल. जिन्याच्या वळणावरही तेच. अकरा महिन्यांत या दोन कॅमेऱ्यांनी एकदाही निराश केलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचं कुरिअरचं पुडकं हरवलं तेव्हा लॉबीच्या चित्रात ते नेणारे हात, त्यांतली अंगठी आणि वरचा चेहरा इतके स्पष्ट होते की कोणालाच काही विचारावं लागलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा होते, चष्मा घरी विसरून खाली आले होते. क्लिप ग्रुपवर टाकायची नाही एवढंच कमिटीत ठरलं.

देखभालीचं सांगायचं तर पावसाळा आणि कोळी. आयआरच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्ससमोरचा एक धागा रात्री दोरखंडासारखा चमकतो. घुमटाकार कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब साचले की अख्खं चित्र दुधाळ. बुलेट, म्हणजे लांबट नळीसारख्या, कॅमेऱ्याला पुढे छज्जा असतो, तो बाहेरच्या जागी बरा. दर शनिवारी मामा लांब काठीला सुती फडकं बांधून सगळे पुसतात. एकदा पुसताना त्यांनी मागचा कॅमेरा किंचित फिरवला आणि आठवडाभर आमच्याकडे नाल्यावरच्या आभाळाचं उत्तम दर्जाचं रेकॉर्डिंग जमा झालं. तेव्हापासून पुसून झालं की ते खालून हाक मारतात आणि मी वर मॉनिटरवर बघून ‘बरोबर आहे, मामा’ म्हणतो.

नवीन कोणी घेणार असेल तर कोटेशनमध्ये मेगापिक्सेलच्या शेजारी आणखी तीन रकाने मागा: लेन्स किती मिलिमीटर, त्या जागी चित्रात किती मीटर रुंदी, आणि बिटरेट धरून किती दिवसांचं रेकॉर्डिंग. आम्हाला दुसऱ्या वेळी ज्याने हे न कुरकुरता लिहून दिलं, त्यालाच काम दिलं.

नाल्याकडच्या भिंतीचा कॅमेरा अजून २.८ चाच आहे. भिंत १८ मीटर लांब, माणूस चढताना दिसेल, कोण ते दिसणार नाही. लेन्स बदलायचा विषय वार्षिक सभेच्या अजेंड्यावर सातवा आहे, पाण्याच्या टाकीच्या खाली. तोवर मामांची खुर्ची रात्री बारानंतर त्या बाजूला सरकते.