जुन्या फ्लॅटचं वायरिंग नवं केलं: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव (सदाशिव पेठ, पुणे)

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि आमच्या घरातली लाइट संध्याकाळी जायला लागली. जिन्यात लाइट, समोरच्यांकडे लाइट, अंधार फक्त आमच्याकडे. डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनींची मुख्य पेटी, उघडून बघावं तर एकही एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडलेला नाही, आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पडणारा स्विच) तेवढा खाली. वर केला की थोडा वेळ ठीक, मग कोणी इस्त्री लावली की परत खट्. वायरिंग गेल्या दिवाळीच्या आधी चांगले पैसे घालून नवं करून घेतलेलं. म्हणून ज्यानं काम केलं त्यालाच बोलावलं. त्यानं शेवटी जो उपाय सांगितला त्यामुळेच हे लिहिते आहे: "ताई, हा काढून टाकू. डायरेक्ट करून देतो, परत कटकट नाही."

घरात ऐंशीच्या पुढची आई आहे. ती ओल्या हातानं वॉशिंग मशीनचं बटण दाबते, कितीही सांगितलं तरी. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला नाही. 16 अँपियरचा एमसीबी पडायला 16 अँपियरहून जास्त करंट जावा लागतो, आणि माणसाचा जीव जायला त्याचा अगदी किरकोळ हिस्सा पुरतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. फरक 30 मिलिअँपियरपर्यंत गेला की क्षणात लाइन तोडतो. अख्ख्या डीबीत आईसाठी बसवलेली वस्तू ती एकच, आणि हा म्हणतो काढून टाकू.

आता थोडं मागचं. बिल्डिंग सत्तरच्या दशकातली. आमच्या ब्लॉकमध्ये चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते, आणि त्यातल्या एकात कोणीतरी कधीतरी फ्यूजच्या तारेऐवजी चांगली जाड तांब्याची तार पिळून ठेवलेली. म्हणजे घर जळलं असतं, फ्यूज जळला नसता. भिंतीतली वायर ॲल्युमिनियमची, बोर्डाजवळ वाकवली की तुटणारी. तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक नुसतंच भोक, मागे वायरच नाही. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि आम्ही सगळे ते गृहीत धरून चाललो होतो.

माणूस शोधताना ॲपवरूनही एकाला बोलावून पाहिलं. पंखा बसवायला, बटण बदलायला ती सोय उत्तम आहे. पण पूर्ण घराचं वायरिंग म्हटल्यावर त्यानं खोल्या मोजल्या आणि पॉइंट, म्हणजे दिवे, पंखे, सॉकेट, न मोजताच आकडा सांगितला. मग ओळखीतून एक मिळाला. पॉइंटप्रमाणे मजुरी, माल आमचा. माल मी स्वतः तपकीर गल्लीतून आणला, आणि हे सगळ्यांनी करावं असं मला अजूनही वाटतं. 90 मीटरचं बंडल, वर आयएसआयचा शिक्का, आयएस 694 (वायरीचं मानक), एफआर ग्रेड (आग सहज न पसरू देणारी), हे दुकानात उभं राहून वाचता येतं. दोन-तीन दुकानं फिरल्यावर भावातही चांगलाच फरक पडला. लाइट-पंख्याला 1.5 स्क्वेअर एमएम, सॉकेटला 2.5, गीझर आणि एसीला 4, मीटरपासून डीबीपर्यंत 6. फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवा. यात काटकसर करू नये. काटकसर स्विचच्या प्लेटांमध्ये करावी. मी साध्या पांढऱ्या घेतल्या आणि त्यांचं काही अडलेलं नाही.

मेपर्यंत कोणी विचारलं असतं तर या माणसाचं नाव मी डोळे झाकून दिलं असतं. भिंती सरळ कापल्या, प्लास्टर नीट भरलं, बोर्ड एका रेषेत लावले. संध्याकाळी गीझर लावला की दिवे मंदावायचे ते थांबलं. बोर्ड गरम होणं थांबलं. हे सगळं आजही तसंच आहे आणि त्याचं श्रेय त्याचं त्याला आहे.

पण जूनमध्ये त्याची तपासणी म्हणजे काय ते पाहिलं. एकेक एमसीबी खाली करून बघितला. सगळीकडे तेच. गॅलरीचा एमसीबी खाली असतानाही इस्त्री लावली की आरसीसीबी पडतोच. निष्कर्ष काय, तर आरसीसीबी खराब आहे. दोन-अडीच हजारांचा नवा आणायला लावला, जुना पिशवीत टाकून घेऊन गेला. नवाही त्याच संध्याकाळी पडला. त्यानंतर ते "डायरेक्ट करून देतो".

मी त्याला डीबीला हात लावू दिला नाही. बिल्डिंगमधल्या एका आजोबांनी त्यांच्या ओळखीच्या वायरमनचा नंबर दिला. परवानाधारक, वयस्कर, सकाळीच येणार, आणि नुसतं तपासायचे पैसे वेगळे घेणार, दोष सापडो न सापडो. फोनवर ऐकलं तेव्हा मला हे फार वाटलं होतं. पॉइंट नाही, माल नाही, मग पैसे कसले?

या वायरमन काकांनी आल्यावर आधी घरातले सगळे प्लग काढायला लावले, अगदी वायफायचासुद्धा. दिव्यांचे एलईडी बल्बही उतरवून ठेवले. मेन बंद केला. मग डीबीतली न्यूट्रल लिंक, म्हणजे जिथे सगळे काळे न्यूट्रल एका पितळी पट्टीत आवळलेले असतात ती, मोकळी करायला घेतली. एक स्क्रू सैल करायचा, एक काळी वायर बाहेर काढायची, तिला कागदाची चिठ्ठी बांधायची, त्यावर बॉलपेननं "किचन", "हॉल", "गीझर". खरं तर हे वायरिंग करतानाच व्हायला हवं होतं. मग प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघितलं. निदान 1 मेगाओहम तरी हवा, म्हणाले. बाकी सगळ्या वायरी त्याच्या कितीतरी वर. गॅलरीच्या न्यूट्रलला काटा शून्यापाशी बसून राहिला.

"ताई, एमसीबी फक्त फेज तोडतो," काका म्हणाले. "न्यूट्रल जोडलेलाच राहतो. दोष न्यूट्रलमध्ये असला तर एमसीबी पाडून जन्मात सापडायचा नाही."

हे ऐकल्यावर मला इस्त्रीचं कोडं सुटलं. गॅलरीचा न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकत होता. घरात कुठेही मोठा लोड लागला की परतीचा थोडा करंट न्यूट्रल सोडून अर्थिंगच्या वाटेनं जायचा. आरसीसीबीला गेलेला आणि आलेला हिशोब जुळायचा नाही, तो पडायचा. जितका लोड मोठा तितकी चूक मोठी, म्हणून दिव्यांवर पडायचा नाही, इस्त्रीवर पडायचा. आरसीसीबी पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

गॅलरीचा बोर्ड उघडला. आमची गॅलरी पश्चिमेची, पाऊस थेट भिंतीवर येतो. लोखंडी बॉक्स आतून ओला, तळाला गंज. आणि आत जुनी ॲल्युमिनियमची वायर! त्या एका भिंतीला टाइल लावलेल्या आहेत, त्या फोडायला नकोत म्हणून त्यानं जुनी वायर तशीच ठेवून नव्या तांब्याच्या वायरीला पिळून जोडली होती, वर टेपचे दोन वेढे. टेप ओलाव्यानं सुटलेला, जोड अर्थिंगला जोडलेल्या बॉक्सच्या कडेला टेकलेला. आम्हाला सांगितलं होतं "सगळं नवं केलंय", आणि मजुरी त्या पॉइंटचीही घेतली होती. ॲल्युमिनियम आणि तांबं असं नुसतं पिळून जोडलं की जोड खराब होतो, सैल पडतो आणि तापतो, म्हणजे पाऊस आला नसता तरी तिथे आज ना उद्या काहीतरी झालंच असतं.

काकांनी ती जुनी वायर दोन्ही टोकांना तोडून बाद केली आणि नवी वायर भिंतीच्या वरून, केसिंग-पट्टीतून (झाकणाच्या प्लास्टिक पट्टीतून) नेली. टाइल शाबूत. केसिंग-पट्टी दिसायला बरी नाही असं मी आधी म्हणत होते. आता म्हणत नाही. जोड कुठे आहे ते दिसतं, ओल आली तर कळतं. पेठांतल्या वाड्यांमध्ये, जिथे माती-विटांच्या भिंती कापणं म्हणजे भिंतच खिळखिळी करणं, तिथे तर मी आता हेच सांगेन. गॅलरीचा नवा बोर्डही प्लास्टिकचा, झाकणाचा, भिंतीपासून थोडा सुटा.

त्यानंतर सबंध पावसाळा गेला. गणपतीत चार दिवस संततधार होती, पाहुणे होते, दोन्ही शेगड्या, मिक्सर, गीझर सगळं चालू. आरसीसीबी पडला तो फक्त मी टेस्टचं बटण दाबल्यावर. ते बटण मी महिन्याच्या एक तारखेला दाबते, आईला शेजारी उभं करून, म्हणजे लाइट गेली तर वर कसा करायचा हे तिलाही माहीत राहतं.

काकांच्या तपासणीच्या पैशांबद्दल माझं मत पूर्ण बदललं. पॉइंटच्या रेटमध्ये तपासणीला किंमतच धरलेली नसते. पॉइंट पेटला की मजुरी झाली. म्हणून आता ओळखीत कोणी वायरिंग काढलं की मी सांगते, ठरवतानाच मेगर टेस्टचे पैसे वेगळे ठरवा, आणि शेवटचा हप्ता सगळे आकडे कागदावर लिहून मिळाल्यावर द्या. भिंत बंद करण्यापूर्वी प्रत्येक झिरीचे मोबाइलवर फोटो काढा. महावितरणकडून लोड वाढवून घ्यायचा असेल तर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागू शकतो, मग काम सुरू करतानाच असा माणूस का शोधू नये?

सोसायटीचं जुनं अर्थिंग मात्र अजून रखडलंय. आमच्या हिरव्या वायरी शेवटी खाली कंपाउंडमधल्या ज्या खड्ड्याला जातात, त्याचं रीडिंग काकांना आवडलं नाही. नवा पाइप, कोळसा, मीठ, वर पाणी घालायला तोंड, एवढंच काम आहे, आणि सगळ्या ब्लॉकमध्ये खर्च वाटला तर एका घराला फार येणार नाही. मीटिंगमध्ये विषय मांडला, तर तळमजल्यावरच्यांनी पार्किंगची जागा जाईल म्हणून अडवलं. पुढच्या मीटिंगला काकांनाच घेऊन जाणार आहे, मेगर आणि अर्थ टेस्टर दोन्ही घेऊन.

पहिल्या माणसाला फोन करून तो पिशवीतला आरसीसीबी परत मागवला. काकांनी तपासला, ठणठणीत निघाला. गॅलरीच्या पॉइंटची मजुरी तो परत करायला तयार झालाय, नव्या आरसीसीबीच्या पैशांवर अजून आमचं बोलणं चालू आहे.