पंधरा रुपयांचा सातबारा आणि माझे नऊ लाख दोन हजार पाचशे

९,०२,५०० रुपये. घर घेताना एका एजंटने मला एवढ्याला फसवलं. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण भेटेल तो ‘किती गेले?’ हेच पहिलं विचारतो आणि गेले सात महिने उत्तर देताना माझी मान खाली जाते. गावात अजून निम्म्या लोकांना मी दोन लाख सांगितलेत. खरा आकडा हा आहे.

मी भुदरगड तालुक्यातला. सैन्यात २४ वर्षं नोकरी करून २०२५च्या जानेवारीअखेर हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतलेला), रजेचे पैसे सगळं मिळून २९ लाखांच्या आसपास हातात आले. इतकी वर्षं बायकोने सासू-सासऱ्यांचं करत गावात काढली. मुलगी बारावीला, मुलगा नववीला. कोल्हापुरात घर घ्यायचं, उरलेल्याला कर्ज काढायचं आणि पेन्शनमधून हप्ता भरायचा, एवढाच हिशेब होता. यात हाव कुठे आहे ते मला अजूनही कोणी दाखवावं, कारण ‘हाव केलीस म्हणून बुडालास’ हे मी सख्ख्या मेहुण्याच्या तोंडून ऐकलंय.

तो एजंट मे महिन्यात लष्करी कॅन्टीनच्या रांगेत भेटला. पुढे उभा होता. वळून ‘जय हिंद, कुठली युनिट?’ म्हणाला. पोस्टिंगची गावं, सुभेदार साहेबांच्या गोष्टी, रजेसाठीची धडपड, सगळं आपल्यातलं बोलणं. आपण निवृत्त फौजींना घरं आणि गृहकर्ज मिळवून देतो म्हणाला. मोटारसायकलवर रेजिमेंटचं चिन्ह, खिशात पावतीपुस्तक आणि पावतीवर ‘सैनिक गृहकर्ज सहाय्य’ असा जांभळ्या शाईचा गोल शिक्का. पहिल्याच बैठकीत त्याने माझं डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, पॅन सगळ्याच्या झेरॉक्स घेतल्या. माझं डिस्चार्ज बुक मी त्याच्या हातात दिलं, त्याचं एकदाही मागितलं नाही. झेरॉक्स देताना त्यावर आडवं ‘फक्त अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी’ आणि तारीख लिहा. मी लिहिलं नव्हतं. माझे कागद आता कोणाच्या हातात आहेत, मला ठाऊक नाही.

पाचगावच्या पुढे चार रो-हाऊस, त्यातलं कोपऱ्यातलं ४६ लाखांना. मी विचारलं, रेरा नंबर, म्हणजे बांधकाम प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा नंबर काय? तो म्हणाला, चारच घरं आहेत साहेब, रेराची नोंदणी लागत नाही. मी मोबाइलवर शोधलं. खरंच, जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत असली तर नोंदणी सक्तीची नाही. तो खरं बोलत होता. त्याच्या पुढच्या गोष्टीवर माझा विश्वास बसला तो इथून.

पुढची गोष्ट सबसिडीची. म्हणाला, केंद्रीय सैनिक बोर्ड माजी सैनिकाच्या गृहकर्जाचं निम्मं व्याज परत देतं, फाईल मी करून देतो. आता हेही धडधडीत खोटं नव्हतं. योजना आहे. पण ती आहे युद्धविधवांसाठी, युद्धात अपंग झालेल्यांसाठी आणि शांततेच्या काळात सेवेमुळे ज्यांचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं त्यांच्यासाठी. व्याजाच्या ५० टक्के, पण जास्तीत जास्त एक लाख रुपये. माझ्यासारखा धडधाकट पेन्शनवर आलेला माणूस त्यात बसतच नाही. आणि जो बसतो त्याला अर्जाला पैसे पडत नाहीत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तो पुढे जातो. हे सगळं मला त्या कार्यालयातल्या क्लार्कने दोन मिनिटांत सांगितलं. चूक त्यांची नाही. मी पैसे भरल्यावर दोन महिन्यांनी गेलो, ही चूक माझी.

पैसे असे गेले. ५ जूनला टोकन ५१,००० रोख. १२ जूनला ‘सबसिडी फाईल’चे ३८,५०० रोख. २० जूनला ७,५०,००० आरटीजीएसने, जमीनमालक म्हणून दाखवलेल्या माणसाच्या खात्यावर. ३ जुलैला ‘लोन प्रोसेसिंग आणि इन्शुरन्स’चे ६३,०००, तेही त्या एजंटच्या वैयक्तिक खात्यावर. बँकेची फी बँकेच्या काउंटरवर भरतात, एजंटच्या खात्यावर कधीच जात नाही. हे मला त्या दिवशीही कळत होतं. तो म्हणाला, आत सेटिंग करून कमी करून घेतली आहे, म्हणून माझ्याकडून भरतोय. मी गप्प बसलो.

आता १९ जूनची दुपार. ती मी रोज रात्री परत बघतो. कसबा बावडा रोडला कोर्टाबाहेर चहाची टपरी आहे, तिथे बाकड्यावर बसून आम्ही साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करायचा करार, वाचत होतो. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरी केलेलं. मी म्हणालो, सातबारा दाखवा. त्याने पिशवीतून झेरॉक्स काढली, हातातच धरली आणि मालकाच्या नावावर बोट ठेवून वाचून दाखवलं. नाव जुळत होतं. क्षेत्र जुळत होतं. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा कागदाच्या उजव्या बाजूला होता. नख वाढलेलं, अंगठ्याच्या पेरावर हळदीचा पिवळा डाग. मी कागद घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात पोऱ्याने चहा आणला आणि त्याने कागद घडी करून पिशवीत टाकला, ओला होईल म्हणून. त्या अंगठ्याखाली ‘इतर हक्क’चा रकाना होता. त्यात एका पतसंस्थेचा १४ लाखांचा बोजा आणि जमिनीवर चालू असलेल्या दिवाणी दाव्याची नोंद.

मी क्वार्टर मास्टर स्टोअरमध्ये नऊ वर्षं काढली आहेत. एक घोंगडी कमी निघाली तर मी रजिस्टरवर सही केली नाही, मग समोर कोणीही साहेब असो. आणि इथे माझ्या आयुष्याच्या कमाईचा कागद मी हातात घेऊन बघितला नाही. का नाही बघितला? कारण तो आपला माणूस होता. दुसऱ्या फौजीवर संशय घ्यायचा नाही, ही सवय आम्हाला नोकरीत लागते आणि तिच्यावर आमचा जीव अवलंबून असतो. त्याने नेमकी तीच सवय धरली. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो. पंधरा. आणि बघताना नुसतं नाव बघू नका, इतर हक्क बघा, फेरफार म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी बघा.

ऑगस्टमध्ये बँकेच्या वकिलाने जमिनीच्या जुन्या नोंदी तपासून सर्च रिपोर्ट काढला आणि बँकेने फाईल नाकारली. म्हणून आधी कागद बँकेला तपासू द्या, मग पैसे द्या. मी उलटं केलं. त्या दिवसापासून एजंटचा फोन बंद. मालक म्हणतो, मला मिळालेले साडेसात लाख हे एजंटकडच्या माझ्या जुन्या येण्याचे, तुमचा-माझा व्यवहार झालाच नाही. साठेखत नोंदणीकृत नाही, त्यामुळे त्याची भीड त्याला नाही. कोणी ‘नोटरी पुरेशी आहे’ म्हणालं की तिथून उठा. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० असते, स्टॅम्प ड्युटी वेगळी. तेवढे वाचवायला मी गेलो होतो, हेही कबूल करतो.

पोलीस ठाण्याचं सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा साडेतीन तास बाकावर. अंमलदार म्हणाले, ‘हे सिव्हिल आहे, कोर्टात जावा.’ दुसऱ्यांदा गेलो, तपासी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेलो तर विचारलं, ‘फौजी असून एवढं कळलं नाही?’ समोर दोन पोरं हसली. मी सीमेवर उणे तापमानात उभा राहिलोय, पण त्या खोलीत माझे पाय लटपटले. चौथ्यांदा लेखी अर्ज नेला, पोच द्यायला तयार नाहीत. पोच मिळेपर्यंत उठलो नाही. मग वरच्या साहेबांकडे अर्ज केला, तो पंधरा दिवसांनी फिरून त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर, त्याच अंमलदारापुढे आला. अहो, खोटा शिक्का मारून, खोट्या योजनेचे ३८,५०० घेणं हे सिव्हिल कसं? सबसिडी मिळणारच नव्हती हे त्याला पहिल्या दिवशी माहीत होतं. पहिल्यापासून फसवायचा हेतू असला की तो भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली फसवणुकीचा गुन्हा होतो. हे मला वकिलांनी समजावलं आणि मी ते ठाण्यात जाऊन समजावत बसलो. ज्यांनी मला सांगायचं त्यांना!

ज्या बँकेत एजंटचं खातं, तिथे गेलो. पैसे तुम्ही स्वतः पाठवले, आम्ही खातेदाराची माहिती देऊ शकत नाही. बरोबर आहे, नियम असेल. पण निदान बसा तरी म्हणायचं. २०२५च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं, लोकांनी कित्येक वर्षं त्यासाठी आंदोलन केलं. माझा कागद अजून ठाण्याच्या पायरीवरून वर चढेना.

बायकोला मी ऑगस्टच्या शेवटी सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कपाटातली चावी काढून जुन्या घराच्या स्वयंपाकघराचा ओटा किती फुटाचा करायचा ते गवंड्याला दाखवू लागली.

रोख पैसे देऊ नका. पैसे द्यायचेच तर जो पावती देतो, त्याच्याच खात्यावर द्या. फोनवरचं बोलणं मेसेजवर लिहून पाठवा, ‘आज आपलं असं ठरलं’ म्हणून. माझ्याकडे असे दोनच मेसेज आहेत आणि आज सगळी तक्रार त्या दोन मेसेजवर उभी आहे.

आत्तापर्यंत माझ्यासारखे तिघे सापडले आहेत. एक कागलचा, एक गडहिंग्लजकडचा, आणि तिसरी एका शहीद जवानाची पत्नी. तिचा त्या सबसिडीवर खरोखर हक्क होता, तिच्याकडूनही त्याने ३८,५००च घेतले आणि फाईल कुठेच दिली नाही. वकील म्हणतात, सगळ्यांनी मिळून एकच तक्रार द्यायची, मग सिव्हिल म्हणता येणार नाही. सोमवारी आम्ही चौघं एकत्र ठाण्यात जाणार आहोत. तो जांभळ्या शाईचा गोल शिक्का असलेली पावती कोणाच्या घरात असेल तर ती लाजेने फाडू नका. आम्हाला ती हवी आहे.