इस्त्रीने जोडायचे मणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्यूज बीड्स म्हणजे प्लास्टिकचे छोटे, नळीसारखे मणी. खुंट्यांच्या पाटीवर एकेक बसवून चित्र भरायचं, वर बेकिंग पेपर ठेवून इस्त्री फिरवायची, की मणी एकमेकांना चिकटतात आणि अख्खं चित्र उचलून हातात घेता येतं. घेताना सगळ्यांचं लक्ष डब्यात रंग किती आहेत याकडे असतं. माझंही तिकडेच होतं. पण इतके महिने वापरल्यावर मी कोणालाही आधी हेच सांगेन, की रंग नंतर मोजा, मणी वितळतात कसे ते आधी बघा.

माझं बहुतेक काम 5 मिमीच्या मण्यांत होतं. हामा, पर्लर या नावाजलेल्या कंपन्यांचं हेच नेहमीचं माप. नेहमीच्या मोठ्या चौकोनी पाटीवर 29 × 29 खुंट्या असतात, म्हणजे पाटी पूर्ण भरायला 841 मणी. सुरुवातीला एवढ्या मोठ्या चित्राच्या मागे लागू नये. जुन्या व्हिडिओ गेममधली 16 × 16 चौकटींची चित्रं यासाठी फार छान, 256 मण्यांत काम होतं आणि एका बैठकीत संपतं. 2.5 मिमीचे मिनी मणी कानातल्यांसाठी सुरेख दिसतात, पण चिमट्याशिवाय त्यांना हात लावू नये.

आता इस्त्री. वाफ पूर्ण बंद, उष्णता मध्यम, आणि दाब न देता हलक्या हाताने गोल गोल फिरवायची. घड्याळाकडे बघण्यापेक्षा कागदाकडे बघा. मणी मऊ झाले की कागद त्यांना चिकटतो आणि आरपार गोल गोल कडा उमटायला लागतात. मग भोकं हळूहळू बारीक होतात. भोक निम्मं उरलं की मी थांबते, चित्र मजबूत होतं आणि मण्यांचा घाटही राहतो. काहींना भोकं पूर्ण बुजवून सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग आवडतो, तोही छान दिसतो, फक्त बारीक रेषा थोड्या पसरतात. इस्त्रीच्या तळाला वाफेची छिद्रं असतात, त्यांच्याखाली उष्णता कमी पोचते, म्हणून हात एका जागी थांबता कामा नये. कडेचे मणी मागे राहतात, तिथे शेवटी एक जादा फेरी. आणि उचलल्याबरोबर चित्र कागदासकट जाडजूड पुस्तकाखाली ठेवायचं. गार होताना प्लास्टिक आक्रसतं आणि मोकळं सोडलं तर कडा वर उचलल्या जातात.

मोठ्या चित्रांसाठी मी आता फक्त टेपची पद्धत वापरते. भरलेल्या चित्रावर मास्किंग टेपच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लावायच्या, बोटाने प्रत्येक मणी दाबून घ्यायचा, गरम हवा निघून जायला टाचणीने भोकं पाडायची, सगळं पालथं करून पाटी अलगद काढायची आणि उघड्या बाजूवर इस्त्री करायची. गार झाल्यावर टेप सोडवून दुसरी बाजू. पाटीला उष्णता लागतच नाही, त्यामुळे ती वाकडी होत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी टेपचा खर्च मला मान्य आहे.

तक्रार एकच, पण मोठी. एक स्वस्तातला, बिननावाचा मोठा डबा मागवला होता. मण्यांची उंचीच सारखी नव्हती, काही तिरके कापलेले. इस्त्री आधी उंच मण्याला टेकते, तो पसरतो आणि शेजारचे दोन सुटेच राहतात. उचलायला गेलं की चित्राला भोक. वेगवेगळ्या कंपन्यांचे मणी वेगवेगळ्या वेगाने वितळतात, म्हणून एका चित्रात एकाच कंपनीचे मणी, हा नियम मी मोडत नाही. पांढरा रंगसुद्धा दोन कंपन्यांचा जुळत नाही.

टिकाऊपणाबद्दल मी समाधानी आहे. कीचेन रोजच्या वापरात असूनही शाबूत आहेत. फक्त कोपऱ्याला कोपरा लागलेले मणी नीट जुळत नाहीत, त्यामुळे चित्र निवडतानाच तिरप्या, एका मण्याच्या रेषा टाळाव्यात. थंड पेल्याखाली ठेवायला हे चांगले, गरम भांड्याखाली अजिबात नाही, प्लास्टिक पुन्हा मऊ होतं. मुलांसोबत करणार असाल तर इस्त्री मोठ्यांनीच हातात घ्यावी, आणि तीन वर्षांखालच्या मुलांपासून डबा लांबच ठेवावा, मणी घशात अडकू शकतो. जरा मोठ्या लहानग्यांसाठी 10 मिमीचे जाड मणी वेगळे मिळतात.

घ्यायचेच असतील तर मिश्र रंगांचा प्रचंड डबा घेऊ नका, निवडण्यातच वेळ जातो. रंगवार सुटी पाकिटं घ्या आणि काळा दुप्पट घ्या. बहुतेक चित्रांची बाह्यरेषा काळी असते, त्यामुळे तोच सगळ्यांत आधी संपतो.