बीड स्पिनर: मोटर राहू दे, वाटीचं बोला

बीड स्पिनर, म्हणजे फिरत्या वाटीतले मणी सुईवर ओवून देणारं यंत्र, घ्यावा का असं कोणी विचारलं की सगळे मोटरबद्दल सांगत सुटतात, स्पीड किती, आवाज किती, सेल किती टिकतात. काही फरक पडत नाही हो त्याने. वाटी बघा. कड आतल्या बाजूला वळलेली असेल तर घेऊ नका, बास.

माझा सेलवर चालणारा आहे, स्पीडचं बटण फिरवायचं असतं तो. वाटी प्लास्टिकची, मधला खुंटा वाटीलाच चिकटलेला. मणी बाहेर उडू नयेत म्हणून कड आत वळवलीय, ठीक आहे. पण रंग बदलायला वाटी उलटी केली की त्या खाचेत आठ-दहा मणी बसूनच राहतात, ठोका, हलवा, काही करा. आणि पुढच्या रंगात बरोब्बर येतात. मरून सर ओवून झाला, गाठ मारून झाली, आणि मधोमध एक पांढरा मणी दात काढून बसलेला!

आता तो काढायचा तर अख्खा सर उसवा, नाहीतर मणी फोडा. फोडताना नुसती पक्कड दाबू नका, काचेची धार आत येऊन दोरा कापला जातो. त्या मण्याच्या भोकात जाड सुई घट्ट बसेपर्यंत घालायची आणि मग हळू रेटायची, म्हणजे मणी बाहेरच्या अंगाला फुटतो. वरून फडकं धरायचं, तुकडा थेट डोळ्याकडे उडतो. ११/० चा मणी (हा मापाचा नंबर, जितका मोठा तितका मणी बारीक) असेल तर दीडेक मिलिमीटर ढील येते, तेवढी खपून जाते. हे सगळं मला या वाटीने शिकवलं, यंत्र घेतलं होतं वेळ वाचवायला.

ओवायला मात्र भन्नाट आहे, ते मान्य करावंच लागेल. वाटी निदान अर्धी भरलेली हवी, सुईचं टोक मणी ज्या बाजूने येतात तिकडे करून धरायचं, तळाला टेकवायचं नाही, की मणी आपणहून चढत जातात आणि आपण नुसतं दोऱ्यावर सरकवायचं. फुल स्पीडला मणी कडेला जाऊन चिकटतात आणि सुईला काही मिळत नाही, मध्यमच बरा. ८/० आणि ११/० ला झकास. १५/० विसरा, जेमतेम दीड मिलिमीटरचा मणी, सोबत आलेली वाकडी सुई शिरतच नाही त्यात. डेलिका, म्हणजे नळीसारखे एकसारखे जपानी मणी, सगळ्यात सुरेख ओवले जातात कारण भोक मोठं, पण डेलिका घेणारे बहुतेक पेयोट (मण्यांची सुईने करायची वीण) विणणार आणि पेयोटला एकेक मणी उचलायचा असतो, तिथे स्पिनर शोभेला. क्रोशेने विणायच्या नक्षीच्या मण्यांच्या दोराचंही तेच, मणी क्रमानेच ओवावे लागतात. थोडक्यात एकरंगी नाहीतर मिक्स सर, गोंडे, झालर, बहुपदरी माळा. तेवढं भरपूर करत असाल तर घ्या.

मध्यंतरी बटण बिघडलं. फिरवा न फिरवा, सुटलं की डायरेक्ट फुल स्पीड, मणी खोलीभर. कंपनीला कळवलं तर व्हिडिओ पाठवा म्हणाले, पाठवला, मग बिलाचा फोटो, तोही पाठवला, मग उत्तर काय तर वॉरंटी फक्त मोटरला आहे आणि तुमची मोटर तर उत्तम चाललीय. अहो उत्तम चाललीय हीच तर तक्रार आहे! शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काकांनी खोलून बघितलं, म्हणाले जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात होतं तेच, आत कचरा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, चार वेळा फिरवलं, चालू. पैसेही घेतले नाहीत.

अपडेट: वरचं तसंच ठेवते, पण वाटीबद्दलचा राग थोडा उतरलाय. रंगकामाचा कोरडा बारीक ब्रश खाचेतून फिरवला की मणी निघतात, सगळे. वाटी तिरकी धरून ट्रेवर एका हाताने हळूहळू फिरवायची आणि दुसऱ्या हाताने ब्रश. आणि रंग बदलताना फिका आधी, गडद नंतर असं करू नका, जवळच्या शेडकडे जा, मरूननंतर लाल, म्हणजे एखादा राहिलाच तरी डोळ्यात खुपत नाही. सोनेरी गॅल्वनाइज्ड मणी मी वाटीत घालतच नाही, त्यांचा मुलामा मुळातच कच्चा, त्यात हे घासणं कशाला.

सरळ कडेची वाटी सुटी मिळेल का असं कंपनीला विचारलं होतं. मिळत नाही, नवीन मॉडेलला आहे, पूर्ण सेट घ्या म्हणाले. काय म्हणून? ब्रश आहे माझ्याकडे.