इफ्तारचा बंद डबा: फोंड्यातील एका घरगुती सेवेचा अनुभव

2020 च्या एप्रिलअखेरीस रमजान सुरू झाला तेव्हा टाळेबंदीमुळे मशिदींतील सामुदायिक नमाज थांबला होता. इफ्तारचे, म्हणजे रोजा सोडतानाच्या खाण्याचे, डबे देणारी फोंड्यातील एका कुटुंबाची ही घरगुती सेवा त्याच काळातली. एका दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, बसून, एकाच थाळीतून चौघांनी रोजा सोडायचा ही रीत अशक्य झाल्यावर या कुटुंबाने माणशी एक डबा भरून घरपोच द्यायला सुरुवात केली, आणि निर्बंध उठल्यानंतरही ती चालू राहिली.

यंदा रोजा असलेल्या सहकाऱ्यांसाठी मी सहा डबे मागवले. प्रत्येकात तीन खजूर, कलिंगड व पपईच्या फोडी, दोन खिमा समोसे आणि झाकणबंद वाटीत फालुदा होता. खिम्यात पुदिना सढळ हाताने घातलेला, मिरचीचा तिखटपणा बेताचा. मात्र फळांचा ओलावा लागून समोशांचे बूड मऊ पडले होते; मध्ये साधा पुठ्ठा घातला तरी हे टळेल. डबे अजानच्या वीस मिनिटे आधी पोहोचले, ही वक्तशीरपणाची बाब इथे चवीइतकीच महत्त्वाची आहे.

गंमत अशी, की अजान होताच सहकाऱ्यांनी सहाही डबे एका मोठ्या ताटात रिकामे केले आणि मलाही हाताला धरून बसवले. एकत्रित मोठे ताट मिळेल का, असे मी सेवा चालवणाऱ्या कुटुंबाला विचारले, तर मागणी डब्यांनाच अधिक असल्याचे उत्तर आले.