अभ्यासिकेच्या गच्चीवर आर्टिफिशियल लॉन: वीस महिन्यांचा अनुभव

सदाशिव पेठेत आमची अभ्यासिका आहे. एका व्यापारी इमारतीचा चौथा मजला आणि त्यावरची गच्ची आम्ही भाड्याने घेतली आहे. एमपीएससीची मुलंमुली सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत बसलेली असतात. आखडलेली पाठ मोकळी करायला, घटकाभर आडवं व्हायला त्यांना जागा हवी होती, म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये 40 बाय 20 फुटांच्या गच्चीवर आर्टिफिशियल लॉन टाकलं. पात्यांची उंची 35 मिलिमीटर, माल पॉलिएथिलिनचा. मालाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती पहिल्यांदा ज्या पद्धतीने ते बसवलं गेलं त्याबद्दल.

रोल 2 मीटर रुंद आणि 25 मीटर लांब येतो. तीन पट्टे शेजारी शेजारी टाकले की 6 मीटर होतात, आणि आमची गच्ची त्याहून चारेक इंचांनी जास्त रुंद आहे. ही चार इंचांची फट कठड्याच्या कडेला उरली. गच्चीचा उतार नेमका त्याच बाजूला, आणि पाणी खाली जायच्या दोन्ही जाळ्याही तिथेच. काम करणाऱ्याने तेवढी पट्टी कापली आणि फट बुजवून टाकली, जाळ्यांवरूनसुद्धा. बाकीचं लॉनही त्याने सगळीकडे गोंद फासून थेट चायना मोझॅकवर, म्हणजे टाइलच्या तुकड्यांच्या फरशीवर, चिकटवलं. लॉनच्या पाठीला पाणी जायला छिद्रं असतात, पण त्यांच्या तोंडाशीच गोंद आला तर ती असून नसल्यासारखी. मी तिथेच उभी होते. मला तेव्हा काम सुबक वाटलं, हे आजही लागतं.

25 जुलै 2024 चा पाऊस पुणेकरांच्या लक्षात आहे. सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं होतं. त्या दिवशी आमच्या गच्चीवर घोटाभर पाणी तुंबलं आणि दुपारी खालच्या हॉलचं छत ठिबकायला लागलं. तिसऱ्या रांगेतल्या मुलीच्या राज्यघटनेच्या नोट्स भिजल्या. दीड वर्षाचं हस्ताक्षर होतं ते. रात्री आम्ही दोघींनी एकेक पान सुटं करून पंख्याखाली दोरीवर वाळत घातलं. निळी शाई पसरलेली ती पानं मी अजून विसरलेले नाही.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये लॉन उचललं. खाली काळं शेवाळ होतं, कुजका वास होता, आणि गोंदाबरोबर मोझॅकचे तुकडे निघून आले. मग आधी वॉटरप्रूफिंग नव्याने केलं, जाळ्या बंद करून दोन दिवस गच्चीत पाणी भरून ठेवलं, खाली एक थेंब येत नाही हे पाहिलं आणि मगच पुढे गेलो. माझ्या मते नवं लॉन घेण्याआधी पैसे इथे घालायला हवेत.

दुसऱ्या वेळी स्लॅबला गोंदाचा थेंबही लावू दिला नाही. खाली प्लास्टिकचे ड्रेन सेल, म्हणजे पाणी खालून वाहून जाऊ देणाऱ्या जाळीदार फरश्या, त्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड आणि वर लॉन. गोंद फक्त दोन जोडांच्या टेपवर. वाऱ्याने उचललं जाऊ नये म्हणून सिलिका सँड, म्हणजे बारीक वाळू, पसरली, चौरस फुटाला साधारण एक किलो. तिन्ही पट्ट्यांची लव, म्हणजे पात्यांचा कल, एकाच दिशेला घेतली. पहिल्या वेळी मधला पट्टा उलटा पडला होता आणि संध्याकाळच्या उन्हात वेगळ्याच रंगाचा दिसायचा. ती चार इंचांची फट आता तशीच मोकळी आहे, आत गोटे भरलेत. जाळी साफ करायची तर गोटे बाजूला करायचे, हात घालायचा, झालं. 2025 चा अख्खा पावसाळा गेला, हॉल कोरडा राहिला.

आता उन्हाचं. हे विकणारा सांगत नाही. एप्रिलमध्ये दुपारी दोनला एसीवाल्याच्या इन्फ्रारेड गनने मोजलं: लॉन 63 अंश, शेजारचा उघडा पांढरा मोझॅक 47. अनवाणी पाय टेकवत नाही. पाणी मारलं तर वीस-पंचवीस मिनिटं बरं वाटतं, मग परत तेच, आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी त्यासाठी ओतणं मला पटत नाही. खालचा हॉल थंड राहील असं सांगण्यात आलं होतं, तसा काही फरक मला जाणवला नाही. पण सूर्य कलला की लॉन स्लॅबच्या आधी निवतं. साडेसातनंतर मुलं त्यावर निवांत पसरलेली असतात, आणि आमच्याकडे गच्चीचा खरा वापर तेव्हाच होतो. तुमचं ऑफिस दिवसा चालत असेल आणि गच्चीवर सावली नसेल, तर आधी शेडनेटचा विचार करा.

साफसफाई सोपी आहे, पण नेमाने करावी लागते. दुधाचा चहा सांडला आणि तसाच राहिला की दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि मुंग्या लागतात. लगेच पाणी ओतलं की प्रश्न मिटतो. शेंगांची टरफलं मात्र फार छळतात, पात्यांत रुततात. आठवड्यातून एकदा लवेच्या उलट दिशेने कडक ब्रश मारतो. दाराजवळची पायवाट आता दबली आहे, ब्रशने थोडी उठते, पहिल्यासारखी नाही.

आगीला हे लॉन जळण्याआधी वितळतं. कुणीतरी डासांची कॉइल थेट त्यावर ठेवली, तर ताटलीएवढा काळा घट्ट गोळा झाला. तेव्हापासून कॉइल बंद, सिगारेट आधीपासूनच बंद, आणि दिवाळीचे चार दिवस गच्चीला कुलूप. मोठी गच्ची असेल तर माल घेण्याआधी आगीच्या चाचणीचं सर्टिफिकेट मागा.

त्या जळक्या जागी चौकोनी तुकडा कापून बसवला. दुसऱ्या रोलमधला साधारण बारा मीटरचा तुकडा उरला होता. काम करणारा तो गाडीत टाकत होता, मी उतरवून घेतला, कारण त्याचे पैसे आम्ही भरले होते. तो जिन्याखाली गुंडाळून ठेवला नव्हता, गच्चीच्या टाकीमागे उन्हातच ठेवला होता. त्यामुळे बाकीच्या लॉनबरोबर तोही तेवढाच फिकटला, आणि ठिगळ कुठे आहे ते आता मलाही शोधावं लागतं.